इंटरनेट जोडणीतील दोषशोधन
इंटरनेट जोडणीतील दोषशोधन : दूरच्या संगणकाशी असलेली जोडणी पूर्णपणे न तुटता मधूनमधून मंदावत किंवा खंडित होत असल्यास त्यामागील कारण निश्चित करण्याची कार्यपद्धती. तुटलेली तार शोधणे त्या मानाने सोपे असते. परंतु कधी चालणाऱ्या व कधी न चालणाऱ्या जोडणीतील दोष बहुधा तपासणीच्या वेळी दडून राहतो. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरवर यासाठी वापरली जाणारी अनेक साधने लिनक्सच्या (१९९१) आधीची असून ती विशिष्ट बिघाडांचा माग काढताना तयार झाली आहेत.

इंटरनेटवरील माहिती लहानलहान तुकड्यांच्या, म्हणजे पॅकेटांच्या, रूपाने पाठविली जाते. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट या अमेरिकी जालाने टीसीपी/आयपी हे संकेतनियम स्वीकारले. टीसीपीनुसार प्रत्येक पॅकेटाची पोच अपेक्षित असते व ती वेळेत न आल्यास पॅकेट पुन्हा पाठविले जाते. माहिती घेणाऱ्या संगणकाची क्षमता पाठविणाऱ्यास कळण्याची सोय या नियमांत होती. मात्र मधल्या मार्गाची क्षमता कळण्याची सोय नव्हती. फोर्ड एरोस्पेस या कंपनीतील जॉन नेगल यांनी या उणिवेचे परिणाम जानेवारी १९८४ मध्येच दाखवून दिले. मार्गावर गर्दी झाली की पोच उशिरा येते. पॅकेट हरवले असे समजून संगणक तेच पुन्हा पाठवितो आणि गर्दी आणखी वाढते. अशी कोंडी एकदा निर्माण झाली की आपोआप निवळत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनातील सर्वांत चिंताजनक भाग होता.

त्याचा प्रत्यय ऑक्टोबर १९८६ मध्ये आला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांमध्ये जेमतेम ४०० यार्ड (सु. ३६५ मी.) अंतर आहे. त्यांच्यातील जोडणीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर, म्हणजे सु. आठशेव्या हिश्शावर, घसरला. या वेगाने मराठीतील एक ओळ पाठविण्यासही मिनिटभर लागले असते. तारा व यंत्रे शाबूत होती. प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन व विद्यापीठातील मायकेल कॅरेल्स यांनी बर्कली युनिक्समधील टीसीपीच्या वर्तनाचा मागोवा घेतला, तेव्हा दोष दोन्ही टोकांच्या संगणकांत असल्याचे आढळले. कार्यालयातील १ कोटी बिट वेगाच्या स्थानिक जालावर वाढलेले हे संगणक सेकंदाला ५६,००० बिट वाहून नेणाऱ्या मार्गावर त्याच उतावळेपणाने पॅकेटे लोटत होते.

१९८८ मध्ये जेकबसन यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधातील उपाय तत्त्वतः साधा होता : जुने पॅकेट मार्गाबाहेर पडल्याशिवाय नवे आत सोडू नये. जोडणीचा आरंभ एका पॅकेटाने करावा, पोच येत जाईल तसे प्रमाण वाढवावे आणि पॅकेट हरवल्यास तत्काळ कमी करावे. हा संयम यंत्रांत कोणतीही भर न घालता, केवळ आज्ञावलीतील बदलाने साधला गेला. पुढे लिनक्सच्या गाभ्यातही (कर्नेल) हीच तत्त्वे आली.

साधनांची कथाही अशीच आहे. अमेरिकी सेनादलाच्या प्राक्षेपिकी (बॅलिस्टिक) संशोधन प्रयोगशाळेतील माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये जालातील एका विचित्र बिघाडाच्या शोधासाठी ‘पिंग’ ही आज्ञावली लिहिली. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून तिला हे नाव मिळाले. मार्गातील एकेक टप्पा दाखविणारी ‘ट्रेसराउट’ ही आज्ञावली जेकबसन यांची असून, प्रत्यक्ष पॅकेटे टिपणारी ‘टीसीपीडंप’ त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केली.

मात्र पिंगला उत्तर मिळाले म्हणजे जोडणी निर्दोष आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. जोडणीच्या एका टोकाला वेग व द्विदिश वहन ही हाताने ठरवून दिली असून दुसरे टोक आपोआप जुळवून घेण्यावर सोडले असेल, तर ते दुसरे टोक आळीपाळीने बोलण्याची पद्धत धरते. लहान पिंग तेव्हाही बिनबोभाट पोहोचते. भार वाढला की पॅकेटे एकमेकांवर आदळू लागतात. दुसऱ्या एका दोषात मोठी पॅकेटेच तेवढी वाटेत नाहीशी होतात. ‘पॅकेट फार मोठे आहे’ हा मधल्या राउटरचा निरोप सुरक्षिततेच्या नावाखाली अडविला गेल्याने पाठविणाऱ्या संगणकाला त्याचा पत्ताच लागत नाही. हा दोष दक्षतेतूनच उद्‌भवतो, हे विशेष.

१९८६ च्या कोंडीवरील उपायातूनही पुढे नवा दोष उद्‌भवला. संगणक आपला वेग पॅकेट हरवल्यावरच कमी करीत. स्मृती स्वस्त झाल्यावर उत्पादकांनी राउटर व मोडेम यांत पॅकेटे थोपवून धरणारे मोठे साठे (बफर) घातले. परिणामी पॅकेटे हरवेनाशी झाली, ती लांबलचक रांगेत तिष्ठत राहू लागली आणि पाठविणाऱ्यास थांबण्याची खूण मिळेनाशी झाली. २०१० मध्ये बेल प्रयोगशाळेतील जिम गेटिस यांना घरून मोठ्या फायली पाठविताना एक सेकंदाहून अधिक विलंब आढळला. एरवी तीच जोडणी तत्पर असे. त्यांनी या दोषाला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर ‘कोडेल’ ही पद्धती सुचविली. तीत रांगेच्या लांबीऐवजी पॅकेटाला घडणारी प्रतीक्षा मोजतात. ती १०० मिलिसेकंदांच्या अवधीत सतत ५ मिलिसेकंदांहून अधिक राहिल्यास पॅकेट हेतुपुरस्सर टाकून दिले जाते. त्याच वर्षी ही पद्धती लिनक्सच्या ३.५ या आवृत्तीत समाविष्ट झाली.

गूगल कंपनीने २०१६ मध्ये पुढे आणलेल्या ‘बीबीआर’ पद्धतीच्या कर्त्यांतही जेकबसन आहेत. ती पॅकेट हरवण्यावर विसंबून न राहता मार्गाची क्षमता व फेरीचा काळ यांवरून वेग ठरविते. लिनक्सच्या ४.९ आवृत्तीपासून ती उपलब्ध असली, तरी तिच्या पहिल्या रूपात शेजारच्या जोडण्यांचा वाटा बळकावला जातो असा आक्षेप घेण्यात आला. मूळ लिनक्स गाभ्यात २००६ पासूनची ‘क्यूबिक’ हीच पद्धती पूर्वनिश्चित म्हणून कायम राहिली असून तीत पॅकेट हरवणे हीच गर्दीची खूण मानली जाते.