फेलनी : आरोप, बचाव आणि शिक्षेनंतरचे आयुष्य

फेलनी : अमेरिकी फौजदारी कायद्यातील गंभीर गुन्ह्यांचा वर्ग. संघराज्याच्या कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकेल असा कोणताही गुन्हा फेलनी ठरतो. त्याहून हलका तो मिसडिमीनर. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली याला इथे महत्त्व नाही, किती होऊ शकली असती याला आहे. त्यामुळे तुरुंगात एक रात्रही न काढलेला माणूस कागदोपत्री जन्मभर ‘फेलन’ राहू शकतो. मराठी वृत्तपत्रे या शब्दासाठी ‘गंभीर गुन्हा’ असे लिहून मोकळी होतात. त्यांचाही इलाज नाही, कारण १८६० च्या भारतीय दंड संहितेने ही इंग्रजी विभागणी घेतलीच नाही. आपल्याकडचा दखलपात्र-अदखलपात्र हा भेद पोलिसांना परस्पर अटक करता येते की नाही यापुरता आहे. फेलनीचा शिक्का माणसाच्या पुढच्या सगळ्या आयुष्यावर बसतो.

शब्द मध्ययुगीन इंग्लंडातला. तिथे फेलनीची खूण होती जप्ती. दोषी ठरलेल्याची जमीन आणि चीजवस्तू जात असे, आणि बहुधा जीवही. इंग्लंडने १८७० मध्ये ही जप्ती बंद केली आणि १९६७ मध्ये फेलनी-मिसडिमीनर हा भेदच मोडीत काढला. अमेरिकेने तो जपून ठेवला. तिथे पन्नास राज्यांचे पन्नास कायदे असल्यामुळे सीमारेषाही जागोजागी हलते. टेक्सासमध्ये साधारणपणे २,५०० डॉलरच्या मालापासून चोरी फेलनी होते. न्यू जर्सीत तितक्याच गंभीर वर्गात जायला २०० डॉलर पुरतात. गंमत म्हणजे एडिसनसारख्या गावांतून भरपूर मराठी घरे असलेल्या या राज्याच्या कायद्यात ‘फेलनी’ हा वर्गच नाही. तिथे ‘इंडायटेबल क्राइम’ म्हणतात. नाव बदलले तरी परिणाम चुकत नाहीत.

आरोपीच्या हक्कांचा इतिहास सांगताना क्लॅरेन्स अर्ल गिडियन या भणंग माणसाला टाळून पुढे जाता येत नाही. जून १९६१ मध्ये फ्लोरिडातल्या पनामा सिटी येथे एका पूल रूममध्ये घरफोडी झाली. थोडी चिल्लर आणि बीअर-सोड्याच्या काही बाटल्या, एवढाच ऐवज. पण फ्लोरिडात ही फेलनी होती. वकिलासाठी पैसे नाहीत, न्यायालयाने वकील द्यावा, असे गिडियनने मागितले. देहान्ताच्या शिक्षेचा खटला असेल तरच तसा वकील मिळतो, असे उत्तर आले. त्याने स्वतःच साक्षीदार तपासले, स्वतःच भाषण केले आणि पाच वर्षांची सजा घेऊन तो आत गेला. तुरुंगाच्या कागदावर पेन्सिलने लिहिलेला त्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १८ मार्च १९६३ रोजी सर्व न्यायमूर्तींनी एकमताने ठरवले की फेलनीचा आरोप असलेल्या गरिबाला सरकारने वकील दिलाच पाहिजे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेरखटला झाला. न्यायाधीश तेच होते, मुख्य साक्षीदारही तोच. फरक एवढाच, की या वेळी उलटतपासणी वकिलाने घेतली. ज्युरीने तासाभरात गिडियनला निर्दोष सोडले.

या निकालामुळे ‘पब्लिक डिफेंडर’ हे पद देशभर रुजले. त्या वकिलांच्या टेबलावर फायलींचा किती ढीग असतो, हा वेगळा आणि फारसा सुखाचा नसलेला विषय आहे.

त्याच दशकात बचावाची इतर हत्यारेही घडली. १९६१ च्या मॅप खटल्याने बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही बाद ठरवला. १९६३ च्या ब्रेडी खटल्याने आरोपीला उपयोगी पडेल असा महत्त्वाचा पुरावा दडवून ठेवायला सरकारी वकिलांना मनाई केली. १९६६ च्या मिरांडा निकालाने गप्प राहण्याचा आणि वकील बोलावण्याचा हक्क चौकशीआधी ऐकवणे पोलिसांवर बंधनकारक केले. खुद्द अर्नेस्टो मिरांडा पुढच्या वर्षी कबुलीजबाबाविनाच पुन्हा दोषी ठरला, हे मात्र चित्रपटांत कोणी सांगत नाही. बचावाचे वकील पहिल्या भेटीत सांगतात ते साधेच असते : पोलिसांशी काही बोलू नका, कुठेही सही करू नका.

खटला उभा राहिला आणि ज्युरीने निर्दोष म्हटले की विषय संपतो. सरकारला त्यावर अपील नाही. आपल्याकडे मुंबईच्या नानावटी खटल्यात १९५९ मध्ये ज्युरीने आरोपीला आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवले, तरी सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे जन्मठेप झाली. अमेरिकी घटनेखाली असे घडूच शकले नसते. उलट, फेलनीत दोषी ठरवायला आता सर्व ज्युरींचे एकमत लागते. लुइझियाना आणि ओरेगनमध्ये चालणारा दहा विरुद्ध दोनचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोडून काढला.

हे सारे संरक्षण ज्यासाठी आहे, तो खटला मात्र फार थोड्यांच्या वाट्याला येतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही आपली म्हण अमेरिकेतल्या आरोपींनी जणू शब्दशः घेतली आहे. संघराज्याच्या न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्यांतील ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीतून येतात, हे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवले. ही कबुली म्हणजे पश्चात्ताप नव्हे, सौदा असतो. आरोप कमी करा, गुन्हा मान्य करतो. सौद्यात कोणाचा हात वरचढ असतो ते केंटकीतल्या पॉल हेजच्या प्रकरणात दिसले. ८८ डॉलर ३० सेंटच्या बनावट धनादेशासाठी सरकारी वकिलाने त्याच्यापुढे पाच वर्षे ठेवली आणि बजावले की नाही म्हणालास तर सराईत गुन्हेगाराचे कलम लावीन. हेज नाही म्हणाला. आधीचे दोन गुन्हे धरून त्याला जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी यात काही गैर नसल्याचे म्हटले.

म्हणून आजच्या बचावाचे खरे कसब ज्युरीपुढच्या भाषणात कमी आणि शिक्का बदलून घेण्यात अधिक आहे. कॅलिफोर्नियात काही गुन्ह्यांना ‘वॉबलर’ म्हणतात, म्हणजे दोन्हीकडे कलणारे. ते फेलनी म्हणूनही नोंदवता येतात आणि मिसडिमीनर म्हणूनही. पहिलाच गुन्हा असेल तर समुपदेशन किंवा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पुरा करून आरोप रद्द करून घेण्याची सोय अनेक ठिकाणी आहे. आरोपी सहसा किती महिने आत जावे लागेल ते विचारतो. जाणता वकील ‘कोणत्या कलमाखाली’ याची घासाघीस करतो. झडतीतली चूक दाखवून पुरावा बाद करण्याचा अर्जही पुष्कळदा या घासाघिशीत वजन यावे म्हणूनच केलेला असतो.

कलमावर एवढे का अडते, हे शिक्षा भोगून झाल्यावर कळते. फेलनीत दोषी ठरलेल्याला संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. नागरी हक्क परत मिळेपर्यंत संघराज्याच्या ज्युरीत बसता येत नाही. परिचर्येपासून विमा-विक्रीपर्यंत कितीतरी परवाने अडतात, सरकारी घरकुल नाकारले जाऊ शकते. नोकरीच्या अर्जातल्या ‘कधी शिक्षा झाली होती का’ या चौकटीवर खूण केली की पुढचे बहुतेक वाचले जात नाही. ती चौकट अर्जावरून काढायला लावणारे पहिले राज्य हवाई, १९९८ मध्ये.

मतदानाचा प्रकार सर्वांत विचित्र. मेन आणि व्हरमाँटमध्ये कैदीसुद्धा मत देतात. फ्लोरिडात १९६० च्या दशकात गिडियनला सुटका मिळाली, पण शिक्षा भोगून बाहेर आलेल्या इतर लाखोंना पुढची अनेक दशके मत नव्हते. २०१८ मध्ये जनमताने खून आणि लैंगिक गुन्हे वगळता हा हक्क परत दिला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने आधी सगळा दंड आणि शुल्क भरा अशी अट घातली. याच फ्लोरिडाचे रहिवासी डोनाल्ड ट्रम्प ३० मे २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या ज्युरीकडून व्यवसायाच्या खोट्या नोंदींच्या ३४ फेलनी आरोपांत दोषी ठरले. तरी नोव्हेंबरमध्ये त्यांनी मतदान केले. परराज्यातल्या दोषसिद्धीसाठी फ्लोरिडा त्या राज्याचा नियम मानते आणि न्यूयॉर्कमध्ये तुरुंगाबाहेर असलेल्याला मत आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना कैद, दंड वा परिवीक्षा यांपैकी काहीही न सुनावता सोडण्यात आले. निवडणूक लढवण्यात तर अडचण नव्हतीच, कारण घटनेत राष्ट्राध्यक्षासाठी तशी अटच नाही. १९२० मध्ये समाजवादी नेते युजीन डेब्स अटलांटाच्या तुरुंगातून उभे राहिले होते आणि त्यांना नऊ लाखांवर मते मिळाली. भारतात याच्या नेमके उलट आहे : दोन वर्षांची शिक्षा झालेल्याची उमेदवारी सुटकेनंतरही सहा वर्षे जाते, पण बाहेर आल्यावर त्याचे मत शाबूत असते.

नागरिक नसलेल्यांसाठी, म्हणजे ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी व्हिसावर राहणाऱ्या मराठी माणसासाठीही, सर्वांत जड परिणाम वेगळाच आहे : हद्दपारी. स्थलांतर कायद्यात ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ असा १९८८ पासूनचा वर्ग आहे आणि १९९६ मध्ये तो भलताच फुगवला गेला. एक वर्षाची सजा झालेली चोरी त्यात येते, ती सजा स्थगित असली तरी आणि राज्याने तिला मिसडिमीनर म्हटले असले तरी. दहा हजार डॉलरहून अधिक नुकसानीची फसवणूकही येते. होसे पडिया हा होंडुरासमध्ये जन्मलेला ट्रकचालक चाळीस वर्षे कायदेशीर रहिवासी होता आणि व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढला होता. गांजा वाहून नेल्याच्या आरोपात वकिलाने त्याला सांगितले, इतकी वर्षे इथे आहेस, काळजी करू नकोस. त्या भरवशावर त्याने गुन्हा कबूल केला आणि हद्दपारीची पाळी आली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कबुलीआधी हा धोका सांगणे हे वकिलाचे कर्तव्यच आहे.

डाग पुसण्याच्या वाटा आहेत : राज्यपालाची माफी, नोंद सीलबंद करणे, किंवा पेनसिल्व्हेनियाच्या २०१८ च्या ‘क्लीन स्लेट’ कायद्यासारखी काही नोंदी आपोआप झाकण्याची व्यवस्था. अशी नोंद घरमालकाला किंवा नोकरी देणाऱ्याला दिसेनाशी होते. स्थलांतर अधिकारी मात्र राज्याने पुसलेली दोषसिद्धी सहसा दोषसिद्धीच धरतात, आणि नागरिकत्वाच्या अर्जात ती अर्जदाराला स्वतःच्या हाताने पुन्हा लिहावी लागते.