घोड्याची 'रवाल' चाल म्हणजे काय? स्वार उसळत का नाही?

माथेरानला घोड्यावर बसला असाल, तर घोडा जरा पळू लागल्यावर कंबरेचे काय होते हे ठाऊक असेल. त्या चालीला दुडकी म्हणतात. तिच्यात घोडा पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम उचलतो, मग उरलेली जोडी. मध्ये क्षणभर चारही पाय हवेत असतात. स्वार उसळतो तो त्यामुळेच.

काही घोडे मात्र दुडकीऐवजी वेगळेच चालतात. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असा एकेक पाय टेकतो. कोणता ना कोणता पाय कायम जमिनीवर असल्याने वेग वाढला तरी पाठ जवळपास स्थिर राहते. हीच रवाल किंवा रेवाल चाल. मारवाडी आणि काठियावाडी या जातींचे काही घोडे तिच्यासाठी ओळखले जातात. वाळवंटात दिवसभर प्रवास करणाऱ्यांना या चालीचे मोल कळले नसते तरच नवल!

महाराष्ट्रात ही चाल पाहायची तर नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठच्या सारंगखेड्याला जावे. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथल्या घोडेबाजारात रंग, उंची, कान यांच्याबरोबर चालही पारखली जाते. मारवाडीचे आत वळून टोकाला टोक भिडवणारे कान फोटोत छान दिसतात, पण कानांवरून चाल कळत नाही. प्रत्येक मारवाडी रवाल चालतोच असे नाही. काहींना ती उपजत असते, काहींकडून करून घेतली जाते. व्हिडिओ पाहून घोडा पसंत करणाऱ्यांनी आवाज बंद ठेवू नये. टापा दोन-दोनच्या जोडीत पडल्या तर ती दुडकी, सुट्या चार ऐकू आल्या तर रवाल. स्वाराचे डोकेही बघावे, ते वरखाली होता कामा नये.

आइसलँडच्या घोड्यांची 'टोल्ट' चाल याच धर्तीची. तिथे बिअरचा भरलेला मग हातात धरून घोडा पळवण्याचे खेळ होतात. २०१२ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह या घोड्यांत 'डीएमआरटी३' जनुकातला एक बदल शोधला. पायांचा ताल ठरवणाऱ्या मज्जारज्जूतील पेशींशी तो निगडित आहे. मात्र तेवढ्यावरून 'मारवाडीतही हेच जनुक' असे ठोकून देणारी पोस्ट दिसली, तर पुढे पाठवू नका.