उसाचं पेट्रोल आणि जुना कार्बोरेटर

मिरज म्हटलं की तंबोरे आठवतात, दवाखाने आठवतात, रेल्वेचं जंक्शन आठवतं. या यादीत आणखी एक गोष्ट असायला हवी, पण ती फारशी कुणाला माहीत नसते. २००१ साली केंद्र सरकारनं पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळून बघायचं ठरवलं, तेव्हा प्रयोगासाठी तीन जागा निवडल्या: आपल्याकडचं मिरज आणि मनमाड, आणि उत्तर प्रदेशातलं बरेली. तिन्ही ठिकाणं उसाच्या पट्ट्याजवळची. आज ज्या ई-२० पेट्रोलवरून देशभर वाद चालू आहे, त्याची एक सुरुवात आमच्या मुरगूडपासून दोन-अडीच तासांवर झाली होती.

मुरगूड वेदगंगेच्या काठावर, कागल तालुक्यात. नदीकाठाला नजर जाईल तिथवर ऊस. गळीत हंगामात बिद्रीला, हमीदवाड्याला जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागून गाडी काढणं हे इथलं रोजचं कौशल्य आहे. आणि ती गाडी बऱ्याचदा जुनी असते. नव्वदच्या दशकातली आरएक्स-१००, येझदी, बुलेट, सीडी-१००, दोन हजारनंतरची स्प्लेंडर. यात एक साम्य आहे. सगळ्यांच्या पोटात कार्बोरेटर आहे, आणि यातली एकही २० टक्के इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली नाही.

मोटरसायकलच्या इंधन यंत्रणेत फेरफार म्हटलं की कोल्हापूरकडच्या पोरांना मोठा कार्बोरेटर, वेगळा सायलेन्सर आणि रात्री अकरा वाजता शेजाऱ्यांची झोपमोड आठवते. तो शौक वेगळा. इथे विषय दुसऱ्या फेरफाराचा आहे, जो वेगासाठी नाही, गाडी पूर्वीसारखीच चालावी म्हणून करावा लागतो.

कार्बोरेटर करतो काय? हवेची वाट मध्येच अरुंद केली की तिथे हवा जोरात धावते आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे खालच्या वाटीतलं पेट्रोल पितळेच्या बारीक भोकातून वर ओढलं जातं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. ते भोक म्हणजे जेट. हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनी, जर्मनीत मायबाखनं १८९३च्या सुमारास हीच युक्ती मांडली, आणि तत्त्व पुढची सव्वाशे वर्षं तेच राहिलं. आरएक्स-१००, बुलेट यांसारख्या गाड्यांवर मिकुनी या जपानी कंपनीच्या घराण्यातले कार्बोरेटर होते. त्यात थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी एक निमुळती सुई असते. सुईच्या डोक्याला खाचा, खाचेत एक इवलीशी क्लिप. क्लिप एक खाच खाली बसवली की सुई वर उचलली जाते आणि मधल्या वेगाला पेट्रोल थोडं जास्त जातं.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे एक गोष्ट मला लगेच खटकते. या यंत्राला इंधन कोणतं आहे ते कळत नाही. त्याला फक्त भोक माहीत आहे. भोकातून पेट्रोल जावो, रॉकेल जावो की इथेनॉल, ते त्याच हिशोबानं सोडणार.

आणि हिशोब बदललाय. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ किलो, कारण त्याच्या वजनातला जवळपास ३५ टक्के भाग आधीच ऑक्सिजन असतो. ई-२०साठी हा आकडा १३.५च्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला ८-९ टक्के जास्त इंधन हवं. जेट मात्र जुन्याच मापाचा, म्हणून मिश्रण पातळ होतं. गाडी सकाळी चोक ओढूनही कुरकुरते, मधल्या वेगाला दचकते, चढाला गरम होते. टू-स्ट्रोकला तर जास्त धोका, कारण पातळ मिश्रणावर पिस्टन तापला की सिलेंडरमध्ये पकडतो. आमच्याकडे त्याला ‘सीज झाली’ म्हणतात.

८-९ टक्के जास्त इंधन म्हणजे जेटचं भोक किती मोठं? क्षेत्रफळ तेवढं वाढवायचं तर व्यास ४ टक्क्यांनी वाढवला की पुरतं. १ मिलिमीटरचं भोक असेल तर १.०४. फरक माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीएवढा. म्हणूनच जेटमध्ये तार घालून खरवडणारा फिटर दिसला की पोटात गोळा येतो.

इंधन बदललं म्हणून गाड्यांची पोटं बदलावी लागली, हे काही पहिल्यांदा घडत नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा देशभर बसच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसल्या. अर्धवट जळलेल्या कोळशाचा वायू नळीनं इंजिनात न्यायचा आणि कार्बोरेटरऐवजी हवा-वायूचा झडप-खेळ करायचा. ताकद इतकी कमी व्हायची की चढाला प्रवाशांना उतरावं लागायचं, अशा आठवणी जुन्या माणसांकडून सर्रास ऐकायला मिळतात. नंतर रॉकेल आलं. शेतातले छोटे पंप तर अधिकृतपणेच पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे असत, दोन टाक्या आणि मध्ये एक कॉक. रेशनचं निळं रॉकेल मात्र रस्त्यावरच्या पेट्रोल-डिझेलमध्येही जाऊ लागलं. हा धंदा किती हिंस्र होता ते जानेवारी २०११मध्ये दिसलं, जेव्हा अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. तेही मनमाडजवळच.

इथेनॉलही तसं नवं नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदा झाला होता. साखर कारखान्यातून निघणाऱ्या मळीचं करायचं काय, हा प्रश्न तेव्हाही होता. पण स्वस्त तेलाच्या काळात तो कायदा कागदावरच राहिला आणि २००० साली रद्द झाला. पुढच्याच वर्षी मिरज-मनमाडचा प्रयोग. जानेवारी २००३मध्ये नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं, तरी २०१३-१४ साली देशाची सरासरी जेमतेम दीड टक्का होती. खरा वेग आला तो २०१८च्या जैवइंधन धोरणानंतर, कारण तेव्हा मळीच्या पलीकडे जाऊन थेट उसाच्या रसापासूनही इथेनॉल करायला परवानगी मिळाली. जून २०२२मध्ये १० टक्के, फेब्रुवारी २०२३मध्ये ई-२०ची विक्री सुरू, आणि २०२५मध्ये सगळीकडे २० टक्के. पंधरा वर्षं रेंगाळलेली गोष्ट सात वर्षांत धावली.

या घाईमागचं कारण मुरगुडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. साखरेचा भाव पडला की उसाचं बिल थकतं, आणि बिल थकलं की सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, कॉलेजची फी सगळं थकतं. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून कारखान्याला त्यामानानं लवकर मिळतात. म्हणून ई-२०ला शिव्या घालणारे शहरातले व्हिडिओ मला अर्धेच पटतात. उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल मात्र बोलायला हवं. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलंय की ई-२०वर जुन्या रचनेच्या दुचाकींचं अ‍ॅव्हरेज ३-४ टक्क्यांनी आणि चारचाकींचं ६-७ टक्क्यांनी घटेल. सप्टेंबर २०२५मध्ये, इथेनॉल नसलेलं पेट्रोलही पंपावर मिळावं, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. सरकारी बाजूनं तिथे ऊस उत्पादकांचं हित पुढे केलं गेलं. पण इथे ऊस लावणारा आणि जुनी गाडी किक मारणारा माणूस बऱ्याचदा एकच आहे, आणि त्याच्या दुसऱ्या खिशाचा हिशोब कुणी मांडलेला नाही.

ब्राझीलनं हा रस्ता आपल्या कितीतरी आधी धरला. १९७५ला त्यांची अल्कोहोल योजना सुरू झाली, १९७९ला निव्वळ इथेनॉलवरची फियाट १४७ आली. तिथे अल्कोहोलच्या गाड्यांसाठी कार्बोरेटरच वेगळे केले, मोठे जेट, गंज लागू नये म्हणून निकेलचा मुलामा. २००९मध्ये होंडानं तिथेच कोणत्याही मिश्रणावर चालणारी सीजी-१५० मोटरसायकल आणली. मुख्य म्हणजे तिथल्या पंपावर मिश्रित पेट्रोल आणि निव्वळ इथेनॉल असे दोन पर्याय असतात, आणि कोणतं घ्यायचं ते भाव बघून गाडीवाला ठरवतो.

आपल्याकडे १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. आता धुराड्यातला सेन्सर ऑक्सिजन मोजतो आणि छोटा संगणक इंजेक्टर किती क्षण उघडा ठेवायचा ते ठरवतो. पेट्रोल बदललं तर ठरावीक मर्यादेत तो स्वतःच सुधारून घेतो. जुन्या गाडीत हे काम करायला माणूस लागतो.

मुरगुडात तो माणूस म्हणजे एक साठीतले मेस्त्री. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला ‘इंजिनिअर’ म्हणतात, आणि त्यात थोडी चेष्टा असते. मी हवा-इंधनाचं गुणोत्तर सांगायला लागलो तेव्हा त्यांनी प्लग काढून माझ्या हातात दिला. पांढराफटक. “चहासारखा पायजे बघ ह्यो,” ते म्हणाले. “पेट्रोल बदाललं हे पंपावर कुणी सांगितलं न्हाई. गाडीनंच सांगितलं.”

त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी जेटला हात नाही. टाकीतला गंज बघायचा, कारण इथेनॉल जुना मळ सोडवतं आणि तो थेट जेटमध्ये येऊन बसतो. मग पेट्रोलची नळी आणि फिल्टर नवे. फ्लोटच्या सुईचं रबर फुगलेलं असेल तर पेट्रोल गळत राहतं, म्हणून तीही बदलायची. मग क्लिप एक खाच खाली. दहा-वीस किलोमीटर फिरवून पुन्हा प्लग बघायचा. तेवढ्यानं भागलं नाही तरच मेन जेट एक नंबर वर. काही गाड्या कारखान्यातूनच जरा जाड मिश्रणावर येत, त्यांना काहीच करावं लागत नाही, असंही ते सांगतात. इथेनॉलचं एक चांगलंही आहे: ते जळण्याआधी उष्णता शोषतं आणि त्याचा ऑक्टेनही जास्त, त्यामुळे मिश्रण बरोबर लागलं की इंजिन ठोकत नाही.

नंबराबाबत मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. काही जेटवरचा आकडा भोकाचा व्यास असतो, तर काहींवरचा मिनिटाला किती इंधन वाहतं त्याचा. एकाचा १०० दुसऱ्याच्या १००एवढा नसतो. मामा डोकं बघून ओळखतात, षटकोनी की गोल.

सगळ्यात जास्त गाड्या त्यांच्याकडे येतात पाऊस ओसरल्यावर. कारण साधं आहे. इथेनॉल पाणी ओढतं, आणि तीन-चार महिने गोठ्यात उभ्या गाडीच्या टाकीत पाणी वाढत गेलं की एका टप्प्यानंतर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, नेमकं कॉकच्या तोंडाशी. म्हणून मृगाच्या आधी गाडी उभी करणाऱ्याला ते एकच सांगतात: कॉक बंद कर, कार्बोरेटरची वाटी रिकामी कर.

त्यांच्याकडे बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात जुन्या गाड्यांतून निघालेले पितळी जेट नंबराप्रमाणे पुड्या बांधून ठेवलेत. मूळ मापाच्या पुड्या भरत चालल्यात. एक नंबर वरची पुडी गेल्या महिन्यात संपली, आणि कोल्हापूरच्या दुकानदारानं पुढच्या आठवड्याचा वायदा केलाय.