दारापर्यंत पोचलेला निरोप

१९३६ साली लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या रुग्णांना त्यांनी तोंडाने ग्लुकोज दिले, त्याच वेळी शिरेतून इन्सुलिन दिले आणि रक्तातली साखर मोजत राहिले. काहींची साखर फारशी चढलीच नाही. काहींची मात्र इन्सुलिन टोचलेच नसावे तशी चढत गेली. इन्सुलिन उपचारात येऊन तेव्हा जेमतेम १४ वर्षे झाली होती आणि मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा अभाव, ही समजूत पक्की होती. हिम्सवर्थ यांचे म्हणणे असे की काही रुग्णांत इन्सुलिन कमी पडते, तर काहींचे शरीर त्याला दादच देत नाही.

या पुस्तकाचा विषय ही न मिळणारी दाद.

हिम्सवर्थ यांचे म्हणणे पारखायचे तर रक्तातले इन्सुलिन मोजता यायला हवे होते. ते इतके अल्प असते की तेव्हाची कोणतीही पद्धत पुरी पडत नव्हती. रोझलिन यालो आणि सोलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीनची खूण लावलेले इन्सुलिन वापरून हे मोजमाप शक्य केले. १९६० मध्ये त्यांनी दाखवले की प्रौढपणी मधुमेह जडलेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिनचा तुटवडा नसतो, उलट ते मुबलक असते. निरोप निघत होता, दारापर्यंत पोचतही होता. मग काम कुठे अडत होते?

दवाखान्यातल्या तक्त्यांवर याचे एक ठरलेले चित्र असते: इन्सुलिन ही किल्ली, पेशी हे कुलूप, किल्ली फिरली की दार उघडते आणि साखर आत जाते. रुग्णाला समजावताना ते कामाला येते. मीही वर्षानुवर्षे फळ्यावर तेच काढत आलो. पण अभ्यासकाला ते फार पुढे नेत नाही, कारण इन्सुलिनचे दार आणि साखरेचे दार एक नाही. पेशीकडे जुन्या चौसोपी वाड्यासारखे पाहावे. निरोप्या दिंडी दरवाजाशी थांबतो. त्याचा निरोप चौकाचौकांतून, माणसामाणसांतून आत जातो, आणि प्रत्यक्ष काम होते ते भलत्याच सोप्यात.

दरवाजावरचा पहारेकरी म्हणजे ग्राही हे प्रथिन. १९७१ मध्ये खूण लावलेले इन्सुलिन यकृताच्या पेशीपटलांना नेमके चिकटते, हे प्रयोगाने दिसले आणि ग्राहीचा पत्ता लागला. त्याचे चार भाग असतात. दोन पेशीबाहेर राहून इन्सुलिनला धरतात, दोन पटलातून आरपार जाऊन आपली शेपटे आत सोडतात. बाहेर इन्सुलिन बसले की सगळ्या रचनेला पीळ बसतो, आतली शेपटे जवळ येतात आणि एकमेकांवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लाला फॉस्फेटचे टिळे लावतात. ग्राही स्वतःच असे फॉस्फेट लावणारे विकर आहे, हा शोध १९८२ चा. १९८५ मध्ये त्याच्या जनुकाची अक्षरे वाचली गेली.

पुढची साखळी या पुस्तकाच्या पहिल्या भागात सविस्तर आली आहे. इथे तिची तोंडओळख पुरे. टिळा लागलेल्या शेपटाजवळ आयआरएस नावाची प्रथिने येतात आणि स्वतः टिळे लावून घेतात. त्यांना पीआय-३ कायनेज येऊन चिकटते आणि पेशीपटलाच्या आतल्या बाजूला एक विशिष्ट मेदरेणू तयार करते. त्या मेदरेणूमुळे एकेटी हे विकर पटलापाशी येऊन जागे होते. एकेटीचे हुकूम अनेक. स्नायूत आणि मेदपेशीत ग्लुट-४ ही ग्लुकोज-वाहक प्रथिने छोट्या पिशव्यांत भरून आत ठेवलेली असतात. एकेटीच्या हुकमाने त्या पिशव्या पटलाला येऊन मिळतात आणि साखरेचे दार उघडते. यकृतात तेच एकेटी फॉक्सो-१ या प्रथिनाला केंद्रकाबाहेर काढते आणि नवे ग्लुकोज घडवणारी जनुके शांत होतात. हे सगळे मिनिटांच्या हिशेबात घडते. टिळे पुसणारी विकरेही तितकीच तत्पर असतात, कारण जेवण पचल्यावर निरोप मागे घ्यावाच लागतो.

मग दाद मिळत नाही ती कुठे? खुद्द ग्राहीतच जन्मजात दोष असणारे रुग्ण असतात, पण अतिविरळ. रक्तात इन्सुलिन सतत चढे राहिले तर पेशी पटलावरचे ग्राही कमी करते, हेही खरे. तरी नेहमीच्या रुग्णात मुख्य अडथळा असतो तो ग्राहीच्या पलीकडे. स्नायूत आणि यकृतात अस्थानी साठलेल्या मेदाचे घटक, आणि फुगलेल्या मेद-ऊतीतून निघणारे दाहाचे संदेश, आयआरएसवर भलत्या जागी फॉस्फेट लावतात किंवा ग्राहीचे काम मंदावतात, असे मानले जाते. यांतले कोणते कारण आधीचे, यावर आजही हिरिरीने वाद चालतो. वाचकाने त्या वादाला बिचकू नये. या शाखेची ती खूणच आहे.

सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट मात्र यकृतात सापडते. इन्सुलिन यकृताला दोन कामे सांगते: साखर रांधणे थांबव आणि मेदाची कोठी भर. दाद सरसकट मिळत नसेल तर दोन्ही हुकूम वाया जायला हवेत. बॉस्टनच्या जोस्लिन केंद्रातल्या रोनाल्ड कान यांच्या गटाने असे उंदीर घडवले की ज्यांच्या यकृतात इन्सुलिनचा ग्राहीच नव्हता. त्यांची रक्तशर्करा वाढली, ट्रायग्लिसराइड मात्र वाढले नाहीत. ग्राहीत जन्मजात दोष असलेल्या माणसांतही यकृत मेदाळलेले आढळत नाही. नेहमीच्या टाइप-२ रुग्णात मात्र साखर आणि मेद दोन्ही वाढतात. म्हणजे स्वयंपाकघराने निरोप ऐकला नाही, कोठीघर ऐकतच राहिले. स्वादुपिंड जितका मोठा आवाज देते तितकी कोठी फुगत जाते. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी २००८ मध्ये हा विरोधाभास नेमका मांडला. इन्सुलिनला दाद न मिळणे हे निवडक असते, हेच या पुस्तकाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

या सूत्राला पुण्याचे एक पान जोडलेले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा व बाळांचा दीर्घकाळ अभ्यास केला. ही बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांत स्नायू कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दुसऱ्या एका तुलनेत पुण्याच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात लंडनच्या बाळांपेक्षा इन्सुलिन जास्त आढळले. साखर शोषून घेणारा सर्वांत मोठा अवयव स्नायू आहे, हे लक्षात घेतले की सडपातळ दिसणाऱ्या मराठी माणसालाही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा हाती लागतो.

परिभाषेबद्दल दोन शब्द. ‘रिसेप्टर’ला काही पुस्तकांत ‘ग्राहक’ म्हटले आहे. दुकानाची आठवण टाळण्यासाठी इथे ‘ग्राही’ योजला आहे. ‘रेझिस्टन्स’साठी ‘प्रतिकार’ हा शब्द मुद्दाम टाळून ‘इन्सुलिनरोध’ वापरला आहे. रोगप्रतिकारामुळे ‘प्रतिकार’ म्हटले की लढाई डोळ्यांपुढे येते आणि पेशी इन्सुलिनला शत्रू मानते असा विद्यार्थ्यांचा समज होतो. तसे काही नसते. कायनेज, ग्लुट, एकेटी ही नावे आहेत तशीच ठेवली आहेत, कारण पुढे शोधनिबंध वाचताना तीच भेटणार आहेत.

नवख्या वाचकाने प्रकरणे क्रमाने वाचावीत. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने यकृताच्या प्रकरणापासून सुरुवात करून मागे वळले तरी चालेल. आकृत्यांतले बाण पाठ करू नयेत. कोणत्या प्रयोगाने तो बाण काढायचा अधिकार दिला, ते पाहावे. आणि यापुढे ‘इन्सुलिन काम करत नाही’ असे वाक्य कानावर आले की थांबून दोन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या अवयवात, आणि कोणते काम? तेवढी सवय लागली तरी हे पुस्तक वाचल्याचे सार्थक झाले.