हिऱ्यासारखा लेप

हिरा आणि कोळसा हीं एकाच द्रव्याचीं रूपें होत, ही गोष्ट आज शाळेंतील मुलांसहि ठाऊक असते. परंतु ती सिद्ध होण्यास अठरावें शतक संपत यावें लागलें. १७७२ सालीं पॅरिस येथें लाव्हाझिए यानें प्रचंड भिंगानें सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून पाहिला. पुढें १७९७ सालीं स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें हिरा व कोळसा समभार जाळले असतां कार्बन डायॉक्साइड वायूहि समभारच निघतो, असें दाखविलें. तेव्हां काठिण्य द्रव्यांत नसून परमाणूंच्या रचनेंत आहे, हें उघड झालें. हिऱ्यांत कार्बनचा प्रत्येक परमाणु चार शेजाऱ्यांशीं जखडलेला असतो. शिसपेन्सिलींतील ग्रॅफाइटमध्यें तो तिघांशींच बांधलेला असून त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात.

एवढें कळल्यावर कोळशाचा हिरा करण्याची आशा बळावली, यांत नवल नाहीं. १९५५ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें प्रचंड दाब व उष्णता यांच्या साह्यानें ती सफल झाल्याचें जाहीर केलें. परंतु दाबाखालीं घडलेला खडा भिंगावर किंवा यंत्राच्या भागावर पसरतां येत नाहीं. त्यासाठीं लेप हवा होता. १९७१ सालीं ऐझेनबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं विद्युद्भारित कार्बनकणांच्या झोतानें तसा कठीण, पारदर्शक थर जमविला. त्यांत चार शेजाऱ्यांचे परमाणु होते, तसे तिघांचेहि होते. स्फटिकाची शिस्त मात्र नव्हती. म्हणून त्यांनीं त्यास हिरा न म्हणतां केवळ हिऱ्यासारखा म्हटलें.

दरम्यान १९६० सालीं थिओडोर मेमन यानें माणकाच्या कांडींतून पहिला लेसर किरण काढला होता. १९६५ सालीं स्मिथ व टर्नर यांनीं माणकाच्या लेसरनेंच निर्वातांत निरनिराळीं द्रव्यें उडवून त्यांचे पातळ थर बनविले. कार्बनच्या बाबतींत ही युक्ति अशी : सेकंदाच्या कांहीं अब्जांशांइतका टिकणारा किरणाचा ठोका ग्रॅफाइटवर बसतो; पृष्ठभाग क्षणांत तेजस्वी वायुरूप होऊन विद्युद्भारित कण वेगानें समोरच्या पट्टीवर आदळतात व तिच्यांत रुततात. तेथें ग्रॅफाइटची ऐसपैस मांडणी करण्यास त्यांना अवसरच मिळत नाहीं. मात्र पट्टी थंड ठेवावी लागते. ती कांहींशे अंशांपर्यंत तापली, कीं कण हलूं लागतात आणि पुन्हां ग्रॅफाइटच हातीं येतें.

१९८७ सालीं न्यू जर्सींतील प्रयोगशाळेंत अतिवाहकांचे उत्तम थर याच रीतीनें निघाले, तेव्हां तिचा सर्वत्र बोलबाला झाला. पुणें विद्यापीठांतील संशोधकहि मागें नव्हते. १९९० सालीं त्यांनीं लेसरच्या ठोक्यांनीं बनविलेल्या हायड्रोजनयुक्त, हिऱ्यासारख्या लेपांवर निबंध प्रसिद्ध केला. आणि १९९२ सालीं बेंझिनमध्यें बुडविलेल्या ग्रॅफाइटवर माणकाचा लेसर सोडून हिऱ्याचे सूक्ष्म कण मिळाल्याचें नमूद केलें.

तरीहि एक विघ्न उरलेंच होतें. ज्या आघातामुळें लेप कठीण होई, त्याच आघातामुळें त्यांत विलक्षण ताण सांठे. मिलिमीटरच्या सहस्रांशाइतकी जाडी येण्यापूर्वींच तो पापुद्र्यासारखा सुटून जाई. काठिण्य आणि टिकाऊपणा यांपैकीं एकावर पाणी सोडावें लागणार, असें दिसत होतें. १९९७ सालीं अमेरिकेंतील सँडिया प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं त्यावर सोपा उपाय प्रसिद्ध केला. पातळ थर बसवावा, तो सुमारें ६०० अंश सेल्सिअसवर कांहीं मिनिटें तापवावा, मग त्यावर दुसरा थर चढवावा. या तापण्यानें परमाणूंची रचना फारशी न बिघडतां ताण मात्र नाहींसा झाला आणि जाड, अभंग लेप मिळूं लागले. जी उष्णता लेप घडत असतांना वैरीण होती, तीच तो घडून गेल्यावर मैत्रीण ठरली.