रोमन व क्षत्रप नाण्यांचा संग्रह (जव्हार–मोखाडा प्रदेश)

रोमन साम्राज्याची सोन्यारुप्याची नाणी, आणि भारताच्या पश्चिम भागात क्षत्रप राजांनी पाडलेली राजमुखांकित रौप्यनाणी, ह्यांचा प्राप्तिस्थान, वजन, ठसा व लेख ह्यांच्या नोंदींसह केलेला संग्रह. हौशी संग्राहक नाण्याच्या देखणेपणावर भाळतो. विशेषज्ञ मात्र ते कोठे, कोणत्या इतर नाण्यांबरोबर व कोणत्या अवस्थेत मिळाले, हे आधी विचारतो.

पालघर जिल्ह्याच्या पूर्व भागात सह्याद्रीच्या डोंगरपायऱ्यांवर वसलेले जव्हार व मोखाडा हे तालुके एका अंगास डहाणू–सोपाऱ्याचा किनारा आणि दुसऱ्या अंगास त्र्यंबक–नाशिकचे पठार ह्यांच्या मधोमध येतात. त्र्यंबकाच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा ह्याच मुलखातून समुद्राकडे उतरते. १३४३ पासून मुकणे घराण्याची सत्ता येथे सुरू झाली आणि १९४८ मध्ये त्यांचे जव्हार संस्थान विलीन झाले; परंतु नाणकशास्त्राच्या दृष्टीने ह्या प्रदेशाचे महत्त्व त्याहून बारा शतके आधीचे आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान ह्याचा जावई उषवदात ह्याचे जे लेख कोरलेले आहेत, त्यांत दमण व डहाणुका ह्या नद्यांवर पुण्यार्थ नावांची सोय केल्याचा, शूर्पारक (सोपारा) व गोवर्धन येथे धर्मशाळा बांधल्याचा, आणि गोवर्धनाच्या विणकर श्रेणींकडे ३,००० कार्षापण नाणी कायम ठेव म्हणून व्याजी लावल्याचा उल्लेख आहे. ह्या ठेवीपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक, तर १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. डहाणुका म्हणजे आजच्या डहाणूची नदी, आणि गोवर्धन नाशिकलगतचे. म्हणजे दानधर्माच्या ह्या दफ्तराच्या दोन टोकांच्या मधोमध जव्हारचा डोंगर येतो. त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी) असा हिशेब मांडलेला असून, एका सुवर्णास ३५ कार्षापण हा त्या काळचा हुंडणावळीचा भाव आपल्या हाती येतो. हे सुवर्ण रोमन की कुषाण, ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

रोमन पैसा ह्या किनाऱ्यास कसा येई, ह्याची साक्ष इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक नाविकग्रंथात आहे. सोपारा व कल्याण ही नावे त्यात आहेत. आणि भडोच येथे रोमन सोन्याचांदीचे दिनार स्थानिक नाण्यांशी बदलल्यास नफा होतो, असे तो नाविक स्पष्ट लिहितो. भारत दरवर्षी साम्राज्याचे ५ कोटी सेस्टर्स शोषून घेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनी ह्यानेही नोंदविली आहे. तथापि रोमन नाण्यांचे मोठे निधी मुख्यत्वे तमिळ, केरळ व आंध्र प्रदेशांत मिळाले. १८९८ मध्ये पुदुक्कोट्टै येथे ५०१ सुवर्णनाणी सापडली, त्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावर छिन्नीचा घाव घातलेला होता. भारतात मिळणारी रौप्यनाणी बहुधा ऑगस्टस व टायबेरियस ह्यांच्या कारकिर्दीची असतात, कारण नीरोने इ. स. ६४ मध्ये नाण्याचे वजन व कस दोन्ही उतरविल्यावर येथील व्यापाऱ्यांनी जुन्याच चांदीस पसंती दिली. परदेशी राजाची छाप न वाचताही चांदीचा कस पारखणारा हा सराफी डोळा आदरास पात्र आहे. ‘दीनार’ हा शब्द रोमन नाण्याच्या नावावरून संस्कृतात आला, आणि मराठीतील ‘दाम’ ग्रीक द्राख्मापासून ‘द्रम्म’मार्गे रुळला.

ह्या मुलखाच्या अभ्यासकाने मात्र केवळ रोमन नाणे शोधीत बसू नये. रोमची छाया ज्या रुप्यावर पडली, ते नहपानाचे नाणे त्याने हाती घ्यावे. सुमारे दोन ग्रॅम वजनाची, बोटाच्या पेराएवढी ही चकती. एका बाजूस उजवीकडे पाहणारे राजमुख आणि त्याभोवती ग्रीक अक्षरांत लिहिलेले, भाषेने मात्र भारतीय असलेले राजनाम. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. राजमुख नाण्यावर ठसविण्याची ही रीत मुख्यत्वे हिंद-ग्रीक द्राख्मांच्या धर्तीची आहे; मात्र रोमन नाणी वितळवून ही चांदी मिळविली असावी, असा तर्क केला गेला आहे.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभी येथे अशा नाण्यांचा १३,२५० हून अधिक संख्येचा निधी उपलब्ध झाला. रेव्हरंड स्कॉट ह्यांनी त्याचे परीक्षण केले असता सुमारे ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी ह्याने स्वतःचा ठसा पुन्हा ठोकल्याचे आढळले. नाणे तिरपे धरून उजेडात फिरविले की सातवाहनांच्या त्रिकूट पर्वताच्या कमानीखाली नहपानाचे नाक किंवा कान अचानक उगवतो. मागे उज्जयिनी चिन्हाच्या चार वर्तुळांमध्ये वज्राची एखादी पाकळी शिल्लक राहिलेली असते. क्षहरात वंश निरवशेष केल्याचा जो दावा गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात आहे, त्याला इतका हस्तस्पर्श्य पुरावा दुसरा नाही. आणि तो एका नाण्याने नव्हे, ठोकलेल्या व न ठोकलेल्या नाण्यांच्या परस्पर प्रमाणाने सिद्ध होतो. म्हणून निधी फोडून सुटा विकणे हे मला एखाद्या ग्रंथाची पाने सुटी करून विकण्यासारखे वाटते.

परीक्षेचे नियम साधे आहेत. ठोकून पाडलेल्या नाण्याची कड चिरलेली, असमान असते. ओतीव नकलेच्या कडेला सांध्याची रेघ आणि पृष्ठावर बारीक छिद्रे दिसतात. चिंच व राखेने घासून नाणे लखलखीत करण्याची घरगुती रीत अत्यंत घातक आहे, कारण तिने शतकांचा थर आणि अक्षरांच्या कडा एकदमच जातात. डोंगरातील आदिवासी बायका गळ्यात राणीछाप रुपयांच्या माळा घालीत. तशाच रीतीने दक्षिणेत रोमन सुवर्णनाण्यांना दोन छिद्रे पाडून ती ओवली जात. छिद्र पाहून नाणे खराब ठरवू नये, तीही त्याच्या प्रवासाची नोंद आहे. सराफाकडे मोडीत गेलेल्या नाण्याचा प्रवास मात्र तेथेच संपतो.

कायद्याने, १८७८ च्या निधीविषयक अधिनियमानुसार, दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याकडे वर्दी द्यावयाची असते. १९७२ च्या पुरावशेष अधिनियमाने खासगी व्यक्तीस अशा वस्तू परदेशी नेण्यास मनाई केली आहे. अभ्यासाची सोय दूर नाही: मोखाड्याहून त्र्यंबकमार्गे नाशिकला जाताना वाटेत अंजनेरी येथे परमेश्वरीलाल गुप्त ह्यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे.

ह्याच पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी ह्यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ ह्या नावाने ओळखला जाणारा स्तूप उकरला, तेव्हा एकात एक ठेवलेल्या करंडकांबरोबर सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी ह्याचे एक रौप्यनाणे मिळाले. क्षत्रपांच्या धर्तीवर त्यावरही राजाचे मुख आहे.