चार मीटरची मोटार आणि जुन्या गाडीचे जन्मवर्ष

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. हल्लीच्या शहरी संसारात या दोहोंच्या पंक्तीस जुनी मोटार घेण्याचा प्रसंगही बसविण्यास हरकत नाही. त्यातही मध्यमवर्गीय गृहस्थाची नजर बहुधा एकाच जातीच्या गाडीवर खिळलेली असते. आसन उंच, चाके मोठी, पण लांबीला आखूड अशी ती लहान एसयूव्ही. नवी परवडत नाही, म्हणून पाच-सात वर्षे वापरलेली पाहावयास तो जातो. विकणारा रंगाची चकाकी दाखवितो; घेणारा काट्यावरचे किलोमीटर वाचतो. गाडीचे जन्मवर्ष मात्र किमतीच्या घासाघिशीपुरतेच विचारले जाते. वास्तविक या जातीच्या गाडीचा इतिहास असा आहे की, सन कळला म्हणजे ती कोणत्या नियमाखाली घडली आणि आत बसणाऱ्यांचे रक्षण कितपत करील, हे पुष्कळसे कळून येते.

या गाडीचे मूळ युद्धात आहे. १९४० साली अमेरिकेच्या सैन्यास कोठेही जाऊ शकेल अशी हलकी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने त्या वर्षीच्या सप्टेंबरात पहिला नमुना तयार करून दिला. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी १९४५ पर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. हीच जीप. युद्ध संपल्यावर सैन्याला नकोशा झालेल्या जीपगाड्या जगभर विकल्या गेल्या. म्हणजे या कुळातील पुष्कळ गाड्या सामान्य माणसाच्या दारी प्रथम आल्या त्या वापरलेल्या म्हणूनच. आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. ती जीप लांबीला सव्वातीन मीटरहून थोडी अधिक होती. आखूडपणा हा तिचा रणांगणावरचा गुण होता.

यानंतर १९८५ च्या डिसेंबरात मारुतीची जिप्सी आली. तिचे इंजिन ९७० सीसीचे होते. पोलीस आणि सैन्य यांनी तिला आपलेसे केले. परंतु शहरातील कुटुंबास ती गैरसोयीचीच वाटे. १९९१ साली पुण्याच्या टाटा कंपनीने सिएरा काढली. ती दिमाखदार होती, पण सर्वांच्या आवाक्यातली नव्हती. उंच गाडीची हौस आणि मध्यम मिळकत यांची गाठ पडावयास आणखी पंधरा-वीस वर्षे जावी लागली. आणि ती घालून दिली ती इंजिनियराने नव्हे, तर अर्थमंत्र्याने.

२८ फेब्रुवारी २००६ रोजी पी. चिदंबरम् यांनी मांडलेल्या अंदाजपत्रकात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. लहान मोटार म्हणजे कोणती? जिची लांबी ४,००० मिलिमीटरांहून अधिक नाही आणि इंजिन पेट्रोलवर १,२०० सीसी किंवा डिझेलवर १,५०० सीसीपर्यंत आहे ती. पुढे २०१३ च्या अंदाजपत्रकात मोठ्या एसयूव्हींवरील शुल्क २७ वरून ३० टक्के झाले, तेव्हा ही रेषा अधिकच ठळक झाली. रेषेच्या अलीकडे स्वस्ताई, पलीकडे महागाई. कारखानदारांनी हाती फूटपट्टी घेतली, यात नवल ते काय?

२००९ साली प्रीमियर कंपनीने चिंचवडच्या कारखान्यातून रिओ ही चार मीटरांच्या आतली एसयूव्ही काढली. ती फार चालली नाही आणि काही वर्षांनी तिचे उत्पादन थांबले. २०१३ च्या जूनमध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली. तिची लांबी ३,९९९ मिलिमीटर भरली. २०१६ च्या मार्चमध्ये मारुतीची व्हिटारा ब्रेझा आली. तिची लांबी ३,९९५. २०१७ साली टाटांची नेक्सॉन, २०१९ साली महिंद्राची एक्सयूव्ही ३०० व ह्युंदाईची व्हेन्यू, २०२० साली कियाची सोनेट. साऱ्यांची लांबी ३,९९४ किंवा ३,९९५! कायद्याने आखलेल्या अंगणात सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

मात्र कायद्याने लांबी मोजली, रुंदी मोजली नाही. म्हणून या गाड्या आडव्या अंगाने वाढल्या. बहुतेकींची रुंदी पावणेदोन मीटरांच्या पुढे आहे, आणि त्यात बाजूचे आरसे धरलेले नाहीत. बेळगावच्या खडेबाजारात, इंदूरच्या राजवाड्याभोवती किंवा पणजीच्या फोंतान्हसमधील गल्लीत ही गोष्ट पहिल्याच दिवशी प्रत्ययास येते. उंचीमुळे खड्डे आणि पावसाळ्यातील पाणी सोसते हे खरे. पण वाड्याच्या फाटकातून गाडी आत जाईल की नाही, हे दोरी घेऊन आधी मोजलेले बरे.

आता जन्मवर्षाकडे वळू. १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या नमुन्यांना समोरून व बाजूने आदळण्याची चाचणी सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या नमुन्यांनाही ती लागू झाली. चाके न अडकविता गाडी थांबविणारी एबीएस ही ब्रेकची व्यवस्था २०१९ च्या एप्रिलपासून आणि चालकापुढील हवेची पिशवी जुलैपासून सर्व नव्या मोटारींत आली. शेजारच्या आसनापुढील पिशवीची सक्ती सर्व मोटारींना २०२१ च्या अखेरीस लागू झाली. तेव्हा २०१८ ची स्वस्तातली प्रत आणि २०२२ ची प्रत बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसल्या, तरी पुढच्या आसनावर बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या गाड्या असू शकतात. नेक्सॉनचेच उदाहरण बोलके आहे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत तिला २०१८ च्या ऑगस्टमध्ये प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी चार तारे मिळाले. सुधारणा केल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात पाच मिळाले. भारतात बनलेल्या मोटारीस हा मान प्रथमच मिळत होता. वर्ष एकच, महिना मात्र वेगळा. नोंदणीपुस्तकात उत्पादनाचा महिना आणि वर्ष दोन्ही असतात. ते वाचावयाचे ते यासाठी.

धुराच्या नियमांचेही तसेच. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ लागू झाले. या नियमाखालील डिझेल गाडीत काजळी अडविणारी जाळी असते आणि साचलेली काजळी जळून जाण्यास गाडी काही काळ सलग वेगाने धावावी लागते. घर, शाळा, मंडई एवढीच जिची दिनचर्या, तिची जाळी तुंबते आणि खर्च अंगावर येतो. गावातल्या गावात फिरणाऱ्यास पेट्रोल गाडी सोयीची, ती याचसाठी. शिवाय दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली डिझेल गाडीस दहा वर्षांची वयोमर्यादा घातली आणि तेथल्या अनेक गाड्या इतर राज्यांकडे वळल्या. ग्वाल्हेरच्या बाजारात फारच स्वस्त डिझेल गाडी दिसली, तर तिचा पूर्वपत्ता विचारावा.

सीमाभागातील माणसाने तर कागदांकडे दुप्पट लक्ष द्यावयास हवे. कोल्हापूरची गाडी बेळगावात किंवा सावंतवाडीची म्हापशात स्वस्त मिळते. परंतु एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नवा क्रमांक घ्यावा लागतो. आधीच्या कचेरीचा ना-हरकत दाखला आणि नव्या राज्याचा कर हे किमतीत धरले नाहीत, तर स्वस्त पडलेली गाडी महाग पडते.

विकणाऱ्यासही सुटका नाही. २००९ च्या मे महिन्यात एक मोटार गल्लीत मागे येताना दोघांना लागली. एकाचा अंत झाला, एक बाई जखमी झाली. नोंदणीकृत मालकाने ती गाडी दोन वर्षांपूर्वीच विकली होती आणि पुढे ती अनेक हातांतून गेली होती. पण कचेरीच्या दप्तरी नाव मूळ मालकाचेच राहिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, नुकसानभरपाईची जबाबदारी ज्याचे नाव नोंदीत आहे त्याचीच. अपघातग्रस्ताला एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे हिंडविता येणार नाही, हा त्यामागचा न्याय. सही करून कोरे कागद हवाली केले आणि पैसे मोजून घेतले, एवढ्याने विक्री पुरी होत नाही. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कचेरीस कळवावयाचे, असा कायदा आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांच्या आतील लहान मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरला पाहिजे. विकणारा जुन्याच भावाचा हिशेब सांगत असेल, तर घेणाऱ्याने ही तारीख त्यास सांगावी. २००६ साली आखलेली ती चार मीटरांची रेषा अशी अजूनही बाजारात आपले काम करीत आहे. म्हणून आधी नोंदणीपुस्तक, मग विम्याचे आणि दुरुस्तीचे कागद, मग ओळखीच्या मिस्त्रीची पारख, आणि रंगाची चकाकी सर्वांत शेवटी, हा क्रम सांभाळावा. गाडीत पुढे आपण बसणार असतो आणि मागे आपली मुले.